पूरा आत

लोकांना शिकले म्हणून नोकरी लागते, मला शिकलो नाही म्हणून लागली. हे मी बोलालोय आणि माझी सून लिहून घेतेय. तिला सांगितलंय, बाई, जसं बोलतो तसंच लिही, वर इस्त्री मारू नको.

हुबळीला अमरगोळच्या बाजार यार्डात मी पोती उचलत होतो. एकदा दाढ अशी सुजली की पाठीवर पोतं आणि खांद्यावर गाल. कुणीतरी म्हणालं, देशपांडे नगरात जा, तिथं जिन्याजिन्याला डॉक्टर आहेत. गेलो. एक जिना चढलो तर बाकावर पाच-सहा माणसं बसलेली, सगळ्यांच्या माना खाली, कुणी कुणाशी बोलेना. मला वाटलं, दाढ दुखत असली की कोण बोलणार? मीपण मान खाली घालून बसलो. गप्प बसवेना म्हणून शेजारच्याला विचारलं, "तुमचं कुठलं दुखालंय, वरचं का खालचं?" तो माणूस उठला आणि जिना उतरून निघूनच गेला.

आत गेलो तर डॉक्टर म्हणाले, "कपडे काढ."

म्हटलं, "दाढेला?"

डॉक्टर वाळलेल्या शेवग्याच्या शेंगेसारखे. चष्म्याला दोरा बांधलेला, आणि तोंडावर कायम असा भाव, की आता कुणीतरी येणार आणि काहीतरी वाईट सांगणार. म्हणाले, "बाहेरचा बोर्ड वाचला नाहीस? चर्मरोग आणि गुप्तरोग."

"वाचता येत नाही, डॉक्टर."

"एक अक्षर पण?"

"एक पण."

त्यांनी टेबलावरचं जाड पुस्तक माझ्यासमोर धरलं. "हे उलटं आहे का सुलटं?"

मी नीट बघितलं. जिल्द चांगली होती. म्हटलं, "सुलटं की."

ते उलटं होतं. डॉक्टरांचं तोंड असं उजळलं, जसं काही मुलगी बघायला आले होते आणि पसंत पडली. म्हणाले, "उद्यापासून ये. दारावर बसायचं, चिठ्ठ्या इकडच्या तिकडं द्यायच्या." दाढेसाठी मला शेजारच्या जिन्यात पाठवलं. दाढ गेली, नोकरी आली. पण मला त्या बाकावर बसलेलं यार्डातल्या कुणीतरी बघितलं होतं. पुढं कितीतरी महिने यार्डात कधी गेलो तरी माझ्या तांब्यातनं कुणी पाणी प्यालं नाही. बायकोच्या भावानं तर मला बाजूला घेऊन विचारलं, "भावजी, कुठं जाऊन आला?" म्हटलं, "दाढेला." तो म्हणाला, "हल्ली तिला दाढ म्हणतात होय?"

डॉक्टरांची भीती एकच. इथं आलेल्याचं नाव बाहेर जाता कामा नये. त्यांच्याकडं येणारी माणसं म्हणजे कुणाच्या अंगावर बधिर चट्टा, कुणाला न सांगण्यासारखं काही. त्या काळात असल्या एका नावावर लग्न मोडायचं, भाड्याचं घर जायचं. डॉक्टर म्हणायचे, "तम्मा, जखम उघडी ठेवावी, नाव झाकावं." मला ते तम्मा म्हणायचे, कानडीत धाकटा भाऊ. मराठी-कानडी त्यांच्या तोंडात अशी कालवलेली होती की वाक्य मराठीत सुरू व्हायचं आणि कानडीत संपायचं. घाबरले की मात्र नुसती कानडी.

बाकावरच्या माणसाला नावानं हाक मारायची नाही, असा हुकूम. मग मारायची कशी? डॉक्टर म्हणाले, तुझं तू बघ. मला यार्डातल्या मालाशिवाय दुसरं काय ठाऊक? मी सुरू केलं, "मिरची, आत चला. शेंगा, थोडं थांबा. गूळ, तुमची चिठ्ठी." एक चांगला सुटाबुटातला माणूस रागावला, मला कांदा का म्हणतोस म्हणून. म्हटलं, साहेब, आज कांद्याला भाव आहे. मग बसला. जिची गोष्ट मी सांगणार आहे ती बाई केलगेरीकडनं यायची, महिन्यातनं एकदा, पदर पार नाकापर्यंत. तिला मी कापूस म्हणालो. तोंड दिसत नव्हतं, पण पाऊल एवढं हलकं की पायरी वाजायची नाही.

ह्या घाबरट माणसाला देवानं एक शिक्षा देऊन ठेवली होती. खोटं बोलले की त्यांना उचकी लागायची. खोटं कसलं, साधं सौजन्य जमायचं नाही. त्यांची थोरली बहीण, अक्का, ती घर बघायची. तिनं विचारलं, सार कसं झालंय? डॉक्टर म्हणाले छान, हिक्! अक्का ताट उचलून नेई. जगातली सगळी गुपितं पोटात ठेवायची आणि गळा असा फितूर. म्हणून त्यांनी लग्न केलं नाही असं अक्का म्हणायची. खरं-खोटं तिला माहीत.

आता कॉम्प्युटर कसा आला ते ऐका. एका संध्याकाळी मी गिरमिट आणलं, म्हणजे आमच्याकडचे कालवलेले चुरमुरे. खाता खाता डॉक्टरांनी पुडीचा कागद वाचला आणि तो चावायलाच लागले. म्हटलं, "डॉक्टर, गिरमिट संपलं, तो कागद आहे." त्यांनी गिळला, वर पाणी प्याले, मग म्हणाले, "दुसऱ्या कुठल्यातरी दवाखान्याचं कार्ड होतं. नाव, वय, रोग, सगळं." कुणीतरी रद्दीत घातलेलं. दुसऱ्या दिवशी गिरमिटवाल्याकडची सगळी रद्दी विकत घेऊन आले. त्याच आठवड्यात आमची सगळी कार्डं एकेक करून कॉम्प्युटरात चढवली आणि कार्डं बंबात घातली. अक्का म्हणाली, एवढं गरम पाणी ह्या घरात आधी कधी मिळालं नव्हतं.

आणि मग त्या कॉम्प्युटरला रोग लागला. फोनच्या तारेतनं काहीतरी आत शिरलं. ते काय करायचं, तर पेटीतला कुठलातरी एक कागद उचलायचं आणि ओळखीच्या सगळ्यांना कॉम्प्युटरच्या टपालानं पाठवून द्यायचं, वर इंग्रजीत लिहायचं, आपला सल्ला हवा आहे. पहिला कागद गेला तो अक्कांच्या शेंगाचटणीचा. हुबळी-धारवाडातले मोठमोठे डॉक्टर फोन करून सांगायला लागले, "लसूण थोडा कमी करून बघा." मी हसून हसून बाकावरनं पडलो. डॉक्टर मात्र पांढरे पडले. "तम्मा, चटणीच्या शेजारीच नावांचा कागद होता."

तेव्हापासून ते झोपायचे बंद झाले. मशिनमधली फोनची तार उपटून तिला गाठ मारून ठेवली, जशी काही विषारी आहे. बेंगळूरला अक्कांचा मुलगा कॉम्प्युटरच्या कामात होता. तो म्हणाला, मामा, मशिनचं डोकंच बदला. एक वेगळी सिस्टिम आहे, चोर-चिलटाचा विचार आधी करून केलेली, कुलपावर कुलूप. त्यानं सीडी पाठवली, वर काटे फुगवलेल्या माशाचं चित्र. डॉक्टरांना तो मासा फार आवडला. त्यांच्यासारखाच होता. भ्यायला की फुगणारा.

डॉक्टर म्हणाले, "ऑपरेटिंग सिस्टिम बदलायची आहे, तयारी केली पाहिजे." मी ऑपरेशन एवढंच ऐकलं. सकाळी लवकर येऊन पाणी उकळलं, स्वच्छ चादर अंथरली, आणि विचारलं, "रात्रीपासनं उपाशी ठेवलंय का त्याला?" पण तुम्हाला सांगतो, माझं फार चुकलं नव्हतं. त्यांनी कोपरापर्यंत हात धुतले. पेटी स्पिरिटनं पुसली. मग पेटी उघडून आतली कुठली पट्टी कुठल्या जातीची, त्यावरचे बारीक आकडे वाचायला लागले, कारण नवी सिस्टिम वाटेल त्या पट्टीशी संसार करत नाही म्हणे. बॅटरी मी धरली होती. बॅटरी धरता धरता माझ्या हातातला स्क्रू आत पडला. मग आम्ही दोघांनी ती पेटी उचलून भोपळा हलवतात तशी हलवली. स्क्रू निघाला, सोबत एक झुरळ निघालं. डॉक्टर म्हणाले, "बघ, हे पण आत होतं. आणखी काय काय आहे कुणाला माहीत."

सीडी खरी का वाटेत कुणी बदललेली, हे बघायचा पण विधी होता. सीडीवरनं एक लांबलचक आकडा निघायचा, तो बेंगळूरच्या आकड्याशी जुळला पाहिजे. डॉक्टर फोनवर एकेक अक्षर वाचत होते, पलीकडनं भाचा हो-हो म्हणत होता. शेवटी डॉक्टर म्हणाले, "सगळं जुळलं!" डबा द्यायला आलेली अक्का आतनं धावत आली, "कुणाचं? कुणाची मुलगी?"

हे सगळं निवांत चाललं असतं. पण मध्येच मालक आले.

मालक म्हणजे आमच्या दवाखान्याच्या इमारतीचे मालक. दवाखान्याची दुसरी किल्ली त्यांच्याकडं असायची. माणूस वाईट नव्हता, पण घराण्याच्या नावाला फार जपणारा. खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "डॉक्टर, आमच्या सूनबाईची चप्पल तुमच्या जिन्यात बघितली म्हणतात. ती माहेरी केलगेरीला म्हणून जाते. इथं येते काय?"

डॉक्टर म्हणाले, "इथं कोण कोण... हिक्!"

मला तोपर्यंत कापूस कोण हे माहीत नव्हतं. त्या एका उचकीनं मला कळलं. मी धावत जाऊन डॉक्टरांच्या पाठीवर दणका घातला आणि म्हटलं, "पित्त आहे, मालक. सकाळपासनं आहे." मालक म्हणाले, जिरं चावा. मग म्हणाले, "तुम्ही सांगणार नाही हे मला माहीत आहे. सोमवारी माझ्या भाच्याला घेऊन येतो, तो कॉम्प्युटर शिकालाय. सूनबाईचं नाव आहे का नाही तेवढं बघू दे. नसलं तर मी तुमचे पाय धरतो. असलं तर सोमवारीच तिला माहेरी सोडून येतो, कायमची."

ते गेल्यावर डॉक्टर कितीतरी वेळ हात धुवत होते. मग सगळं कानडीतनं सांगायला लागले. तिचं औषध थोडंच राहिलंय. चट्टा विरत आलाय. ही गोष्ट तिच्यापासून कुणाला होणार नाही. पण मालकांना हे सांगायचं म्हणजे नाव सांगणंच झालं. कॉम्प्युटर दाखवत नाही म्हटलं तरी सांगितल्यासारखंच.

"मग तेवढं तिचं नाव पुसा की," मी म्हटलं.

"पुसलेलं परत काढता येतं, तम्मा. शिकलेला भाचा आणणार आहे तो. सगळी डिस्क घासून, तिच्यावर दुसरंच काहीतरी लिहून, मग नवी सिस्टिम घालायची. म्हणजे तळ खरवडला तरी काही निघणार नाही."

"आणि तिच्या औषधाचं? बाकीच्यांचं?"

"त्याची आधी एक कॉपी काढायची. ती सीडी अक्कांच्या हिंगाच्या डब्यात. तिथं देव पण हात घालत नाही."

मी डोकं खाजवलं. "डॉक्टर, कॉम्प्युटरला कुलूप लागलं. गळ्याला काय लावणार? मालक विचारणार, तुमच्याकडं कुठं नाव आहे का. तुम्हाला तो हिंगाचा डबा आठवणार."

डॉक्टर स्वतःचा गळा चाचपायला लागले. त्याला लावायचं कुलूप बेंगळूरच्या भाच्याकडं पण नव्हतं.

रविवारी दवाखाना बंद. दुपारी आम्ही सुरुवात केली. डॉक्टरांनी कोरी सीडी ट्रेवर ठेवली, ट्रे आत ढकलला, आणि मला समोर स्टुलावर बसवलं. "हे बघ, आता ह्यात सगळं उतरालंय. उतरून झालं की हा ट्रे आपोआप बाहेर येतो, जीभ दाखवल्यासारखा. जीभ बाहेर आली की काम झालं. तुला काही वाचायचं नाही, नुसतं जिभेवर लक्ष ठेव."

हे मला जमणारं काम होतं. मी डोळ्यांची पापणी न लवता बघत बसलो. तेवढ्यात जिन्यात धापा टाकत शेंगा आले. म्हणजे शेंगा नावाचे पेशंट. अंगभर गांधी उठलेल्या, डोळे सुजून बंद. डॉक्टर त्यांना घेऊन पडद्यामागं गेले. मी मशिनसमोर, डॉक्टर पडद्यामागं. जीव मात्र त्यांचा इकडं.

थोड्या वेळानं पडद्यामागनं आवाज आला, "आत?"

मी बघितलं. जीभ आत होती. म्हटलं, "आत."

"पूरा आत?"

मी जवळ जाऊन बोट लावून बघितलं. एवढी पण बाहेर नव्हती. "पूरा आत!"

"खरे?"

"खरे, डॉक्टर! बोट लावून बघालोय."

"मग बंद कर."

मला जरा नवल वाटलं. जीभ तर बाहेर आली नाही, मग बंद कसं? पण म्हटलं, डॉक्टर लोकांचं काय सांगावं, कधी जीभ न बघताच औषध लिहितात. मी भिंतीवरचं बटण दाबलं. पेटी सुस्कारा टाकून गप्प झाली.

शेंगांना सुई टोचून डॉक्टर बाहेर आले. मशिन परत चालू करून सीडी काढली, पुसली, जखमेची चिकटपट्टी लावून पाकीट बंद केलं. म्हटलं, एकदा घालून बघायची नाही? म्हणाले, "आजारी मशिनच्या तोंडात परत? नको." मग माशाची सीडी घातली. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं धावाय लागली. मशिन एकेक प्रश्न विचारायचं आणि डॉक्टर एकेका उत्तराला देवाचं नाव घ्यायचे. एका ठिकाणी त्यांचं बोट हवेतच थांबलं. म्हणाले, "ह्याच्यानंतर मागं येता येत नाही, तम्मा."

"मग नका दाबू."

"उद्या सोमवार आहे." आणि दाबलं.

दुपारभर मशिन घरघरत होतं. शेत नांगरायचं आणि वर परत नांगरायचं, असं काहीतरी. मध्ये वीज गेली तेव्हा मशिनखालचा बॅटरीचा डबा चीं-चीं करत राहिला आणि डॉक्टर त्याच्यासोबत हूं-हूं करत राहिले. संध्याकाळी मासा बसला. अक्का डबा घेऊन आली होती. डॉक्टर तीन दिवसांनी पहिल्यांदा नीट हसले. म्हणाले, आता नव्या, निरोगी मशिनमध्ये आपली सीडी बघू.

चिकटपट्टी काढली, सीडी घातली. पडद्यावर दोन ओळी आल्या. मला वाचता येत नव्हतं, पण डॉक्टरांचं तोंड वाचता आलं.

सीडीत काहीच नव्हतं.

"तू म्हणालास की आत!" डॉक्टर म्हणाले.

"आतच होती की! जीभ बाहेर कुठं आली होती? तुम्ही विचारलात आत, मी म्हणालो आत. तुम्ही विचारलात पूरा आत, मी बोट लावून बघितलं!"

अक्का डबा खाली ठेवून म्हणाली, "अरे कर्मा. त्यानं कानडीत विचारलं आणि हा मराठीत बोलला."

आमच्याकडच्या कानडीत 'आत' म्हणजे झालं. ऊट आत? म्हणजे जेवण झालं का. डॉक्टर विचारत होते, झालं? पुरं झालं? खरंच? आणि मी सांगत होतो की जीभ आत आहे, पुरी आत आहे, म्हणजे काहीच झालं नाही, अजून मुळीच झालं नाही. जन्मभर दोन्ही भाषा बोललो. दोन्ही भाषांनी मिळून मला एका रविवारी गाठलं.

सगळ्यांची नावं गेली, सगळ्यांची औषधं गेली. कार्डं बंबात आधीच गेलेली. मी कोपऱ्यात जाऊन बसलो. म्हटलं, चला, परत पोती. डॉक्टरांनी ती कोरी सीडी परत पाकिटात घातली आणि वर चिकटपट्टी लावली.

सोमवारी मी खिशात साखर घेऊन गेलो, उचकीवर टाकायला. डॉक्टर खुर्चीत असे बसलेले, जसं त्यांचंच ऑपरेशन आहे. मालक आले. सोबत भाचा, कुरळे केस, बोटं मोडत. तो मशिनसमोर बसला. काळा पडदा, एक पांढरी ओळ, पुढं लुकलुकणारी खूण. त्यानं हे दाबलं, ते दाबलं. मशिन परत परत तेच विचारायचं, कोण तुम्ही? शेवटी म्हणाला, "मामा, ह्यात खिडकी पण नाही, चित्र पण नाही. आमच्या क्लासात असलं शिकवलेलं नाही."

मालक म्हणाले, "राहू दे." मग डॉक्टरांकडं वळले. भिंतीवर डॉक्टरांच्या आईचा फोटो होता, तिकडं बोट केलं. "आईकडं बघून एवढंच सांगा. आमच्या सूनबाईचं नाव तुमच्याकडं कुठं लिहिलेलं आहे? ह्या मशिनमध्ये, कागदावर, घरी, कुठंही?"

मी खिशातली साखर मुठीत धरली. डॉक्टरांनी आईकडं बघितलं. तोंड उघडलं. बंद केलं. परत उघडलं.

"नाही, मालक. कुठंही नाही."

पंखा फिरत होता. मी त्यांच्या गळ्याकडं बघत होतो. मालक पण गळ्याकडंच बघत असावेत असं मला वाटलं. गळा हलला नाही. डॉक्टरांनाच नवल वाटलं असणार, कारण त्यांनी परत एकदा, सावकाश, जरा मोठ्यांदा म्हटलं, "माझ्याकडं तिचं नाव कुठंही लिहिलेलं नाही."

काही नाही. साधा ढेकर पण नाही. खरं होतं ना ते! माझ्या एका 'आत'नं ते खरं करून ठेवलं होतं.

मालक उठले, खरंच वाकले. डॉक्टर दोन पावलं मागं सरकले. मालक दारापर्यंत गेले आणि उचकी ऐकू आली. वळून बघितलं.

माझी होती. "तुला काय झालं रे?" म्हणाले. म्हटलं, "साखर खाल्ली, मालक, हिक्, जास्त झाली."

पुढच्या खेपेला कापूस आली. मी आत पाठवली. डॉक्टर नव्या मशिनसमोर बसले होते, बोट अक्षरांवर. नाव त्यांना ठाऊक होतं, पण तिला विचारल्याशिवाय परत लिहवेना आणि विचारवेना. ज्या बाईनं एकदा जीव मुठीत धरून सांगितलं तिला परत कसं विचारायचं? तिनंच पिशवीतनं औषधाची रिकामी पाकिटं काढून टेबलावर ओळीनं ठेवली. सासरी कुठं टाकता येत नव्हती म्हणून सगळी जपून माहेरी ठेवलेली. डॉक्टरांनी ती बघितली आणि म्हणाले, "एकच राहिलं." मग मशिनकडं बघत, "नाव..."

पदराआडनं आवाज आला, "कापूस म्हणतात की इथं."

डॉक्टरांनी तेच लिहिलं. मग सगळ्यांचंच तसं लिहिलं. एकेकाला बोलावून, परत सगळं विचारून, नाव सोडून. त्यात वर्ष गेलं. कुणाची गोळी चुकेल, कुणाची राहील, ह्या भीतीनं त्यांचे उरलेले केस पण गेले. मिरच्या तीन झाल्या तेव्हा हिरवी, लाल आणि ब्याडगी केल्या. मासा त्या मशिनवर कितीतरी वर्षं फुगून बसला होता. तो नुसत्या भाजीबाजाराची राखण करत होता हे त्याला शेवटपर्यंत कळलं नसणार.

पण चूक कुणाची, हे भांडण आमचं कधी मिटलं नाही. डॉक्टर म्हणायचे, मी कानडीत विचारलं, तू कानडीत उत्तर द्यायचं. मी म्हणायचो, डॉक्टर, कानडीत दिलं असतं तर आत्री म्हणालो असतो की. तुम्हाला मानाचं री लावल्याशिवाय मी कधी कानडीत बोललोय? री नव्हतं, तिथंच तुम्ही ओळखायचं. मग म्हणायचे, "तू तेव्हा घाबरला होतास. घाबरलेला माणूस री विसरतो." म्हटलं, घाबरला होता तुम्ही. तेवढं ते मान्य करायचे.

शेवटच्या दुखण्यात ते धारवाडच्या घरी होते. मी रोज जाऊन व्हरांड्यात बसायचो, सवय म्हणून. दारावर माणसं यायची. अक्का विचारायची, कोण? कुणी म्हणायचं, गूळ आलाय म्हणून सांगा. कुणी म्हणायचं, ब्याडगी. अक्का मला ओरडायची, "अरे, आजारी माणसाच्या घरी रोज भाजीवाले कशाला बोलावतोस?" एकदा एक बाई आली, पदर खांद्यावर, दोन्ही हात कोपरापर्यंत उघडे, स्वच्छ. सोबत कॉलेजातली मुलगी. म्हणाली, कापूस. मी पहिल्यांदा तिचं तोंड बघितलं आणि लगेच खाली बघितलं, सवय म्हणून. मुलीनं विचारलं, "आई, कापूस काय?" ती म्हणाली, "लहानपणचं नाव."

त्यानंतर थोड्याच दिवसांत, एका सकाळी, मी व्हरांड्यात बसलो होतो. अक्का आतनं दारात आली. चौकटीला धरून उभी राहिली. माझ्याकडं बघितलं आणि हळू म्हणाली, "तम्मा. आत."

मला वाटलं, बोलावलंय. मी चपला काढल्या आणि आत गेलो.

आत गेल्यावर कळलं, अक्का कानडीत बोलली होती.